सतरा नंबरचा खडक

मंगळवार, १४ मे २०२४, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं. भिलाईतल्या आमच्या कॉलेजच्या भूशास्त्र विभागात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती आणि मी खडक ओळखण्याच्या टेबलापाशी चौथ्या ट्रेसमोर उभी होते. ट्रेमध्ये कापसाच्या गादीवर मुठीएवढा, तांबूस-काळा, दाणेदार तुकडा ठेवलेला होता. त्याच्या एका अंगावर पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन त्यावर काळ्या शाईने १७ हा आकडा घातला होता. एका नमुन्याला चार मिनिटं मिळत. तेवढ्यात नाव लिहायचं, कारणं लिहायची, तो कुठे आणि कसा तयार झाला ते लिहायचं. मग घंटा होई आणि सगळे एक पाऊल उजवीकडे सरकत.

तो आकडा वाचल्यावर खरं तर तुकड्याकडे बघण्याची गरज उरत नव्हती. विभागातल्या सगळ्या नमुन्यांची नोंद एका रजिस्टरमध्ये होती, आणि त्या नोंदीची झेरॉक्स एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे वारशाने येत असे. परीक्षेआधी मुलं ती पाढ्यांसारखी पाठ करत: नऊ म्हणजे वालुकाश्म, बारा म्हणजे शेल, सतरा म्हणजे ऊलिटिक आयर्नस्टोन. आमच्याकडे परीक्षेत खडक ओळखला जात नसे, आकडा ओळखला जाई. शिक्षकांना हे माहीत होतं. आकडे बदलणं हे अर्ध्या दिवसाचं काम होतं. ते कोणी केलं नव्हतं.

मी मात्र तीन वर्षं त्या सतरा नंबरची वाट पाहत होते. लोहयुक्त गाळाचे खडक हाच मला पुढे शिकायचा विषय होता, आणि त्यातला एक प्रकार मला लहानपणापासून परिचयाचा होता. लोहखनिजाच्या खाणी असलेल्या राजहऱ्याच्या डोंगरातला पट्टेदार खडक भिलाईत अनेक घरांच्या शोकेसमध्ये असतो: लालबुंद गारेचा एक पट्टा, त्यावर करड्या, चकाकणाऱ्या हेमॅटाइट या लोहखनिजाचा एक, पुन्हा लाल, पुन्हा करडा. ज्या समुद्रात तो साचला, त्या समुद्राच्या पाण्यात लोखंड विरघळलेलं होतं आणि हवेत प्राणवायू नुकता कुठे येऊ लागला होता. पण ऊलिटिक आयर्नस्टोन हा त्याचा फार नंतरचा, वेगळ्या घरातला नातेवाईक. उथळ, हलत्या समुद्रात वाळूच्या कणाभोवती लोहखनिजाची एकावर एक पुटं चढतात, कण लाटांनी इकडून तिकडे लोळत राहतो, आणि शेवटी माशाच्या अंड्यांसारख्या बारीक, एकसारख्या गोल दाण्यांचा खडक तयार होतो. असा खडक आमच्या आसपास कुठेच नाही. विभागातला एकुलता एक तुकडा 'दुर्मीळ' म्हणून काचेच्या कपाटात कुलुपात असे. वर्षातून एकदाच, परीक्षेच्या दिवशी, तो हातात येई.

मी तो उचलला आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याला लावलं.

पहिल्या अर्ध्या मिनिटात माझी निराशा झाली, दुसऱ्या अर्ध्या मिनिटात मला संशय आला. दाणे गोल होते, पण एकसारखे नव्हते; काही मोहरीएवढे, काही ज्वारीएवढे. खऱ्या ऊलिटिक खडकाचा दाणा दोन मिलिमीटरच्या पुढे सहसा जात नाही. फुटलेल्या एका दाण्यात कांद्यासारखी पुटं दिसायला हवी होती, तिथे मध्ये एक टोकदार खडा आणि त्याभोवती थापलेली लाल माती एवढंच होतं. दाण्यांना जोडणारा पदार्थ काळा, काचेसारखा, आणि त्यात बुडबुड्यांची भोकं. टेबलावरचा चुंबक लावला तर काही जागी तो धरत होता आणि काही जागी नाही. अ‍ॅसिडचा थेंब फसफसला. तुकडा ट्रेमध्ये परत ठेवला तेव्हा कापसावर दोन दाणे गळून पडले. समुद्राच्या तळाशी दबून, घट्ट होऊन तयार झालेल्या खडकाचे दाणे हात लावल्यावर असे गळत नाहीत.

मी उत्तरपत्रिकेत लिहिलं: 'हा खडक नाही. हा कारखान्यात तयार झालेला, अर्धवट भाजलेला सिंटर आहे.' आणि वरची सगळी कारणं क्रमाने लिहिली. घंटा झाली तेव्हा माझा शेवटचा शब्द पूर्ण झाला होता.

सिंटर म्हणजे काय हे भिलाईत सांगावं लागत नाही, बाहेर सांगावं लागतं. लोहखनिजाची भुकटी तशीच भट्टीत टाकता येत नाही. हवेचा मार्ग बंद होतो. म्हणून त्या भुकटीत चुनखडीची पूड आणि कोळशापासून केलेल्या कोकचा चुरा मिसळतात, पाणी मारून मोठ्या फिरत्या ड्रममध्ये तिच्या बारीक गोळ्या वळतात, आणि त्या सरकत्या पट्ट्यावर पसरून भाजतात. गोळ्या वितळून एकमेकींना चिकटतात. माझे बाबा गोंदियाकडच्या शेतकरी घरातून इथे आले आणि एकतीस वर्षं त्याच पट्ट्यापाशी उभे राहिले.

शुक्रवारी गुण फलकावर लागले. खडक ओळखण्याचे पाच नमुने, प्रत्येकी पाच गुण. चार नमुन्यांचे मला वीस मिळाले होते. सतरा नंबरपुढे शून्य. प्रात्यक्षिकाची माझी बेरीज पन्नासपैकी एक्केचाळीस झाली. माझ्या वर्गातल्या एका मुलाची चव्वेचाळीस होती.

त्या तीन गुणांना किंमत होती. दर वर्षी विभागाकडून एकाच विद्यार्थ्याला शिफारसपत्र मिळे. ते घेऊन राजहऱ्याच्या डोंगरात चालणाऱ्या खनिज-शोधाच्या कॅम्पवर सहा आठवडे काम करता येई. जमिनीत खोलवर भोक पाडून काढलेले खडकाचे लांब दांडे तिथे पेट्यांत ओळीने ठेवलेले असतात. पोटात शिरून बघावं तसा डोंगर त्यात वाचता येतो. पुढे एम.एस्सी.च्या मुलाखतीत हा अनुभव विचारतात. पत्र प्रात्यक्षिकात पहिल्या येणाऱ्याला, असा नियम होता. सतरा नंबरचे पाच गुण धरले तर माझे सेहेचाळीस होत होते.

चव्वेचाळीसवाल्याला मी जिन्यात गाठलं. तोही प्लांटच्या क्वार्टरमध्ये वाढलेला. त्याचं घर मरोद्याला. मी विचारलं, "तूने मॅग्नेट लगाया था?"

"लगाया था."

"खींचा?"

"खींचा तो." तो हसला. "मुझे भी अजीब लगा यार. पर लिस्ट में जो है वही लिखना है न? तुझे पीएच.डी. थोड़ी करनी है चार मिनट में."

त्याचा मला तेव्हा जितका राग आला तितका विभागप्रमुखांचाही पुढे आला नाही. त्याने पाहिलं होतं. पाहिलेलं बाजूला ठेवून पाठ केलेलं लिहिलं होतं, आणि त्याबद्दल त्याला पाचपैकी पाच मिळाले होते. आमच्या वर्गात अठरा मुलं. त्यातल्या निम्म्यांच्या घरी हा माल बुटांच्या तळव्याला लागून येत असे. भारतातल्या दुसऱ्या कुठल्याही गावातल्या विद्यार्थ्याने हा तुकडा ओळखला नसता तर त्याला मी माफ केलं असतं. पण ही चूक दुसऱ्या गावात होणंच शक्य नव्हतं. तिथे असा तुकडा रस्त्यावर सापडत नाही. चूक करण्याची सोय जिथे होती, तिथेच ती न करण्याचीही होती.

शनिवारी मी लेखी अर्ज घेऊन विभागप्रमुखांकडे गेले. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला आणि हिंदीत विचारलं, "रजिस्टर में क्या लिखा है?"

"सर, रजिस्टर पत्थर नहीं है. पत्थर ट्रे में है."

"ज़बान अच्छी चलती है." त्यांनी कपाटातून सतरा नंबर काढवला आणि त्यावर माझ्यासमोर अ‍ॅसिडचा थेंब टाकला. फेस आला. "ये देखो. चूना. मतलब समुद्र."

"समुद्र होता सर, पण नंदिनीला. चुना तिकडच्या खाणीतला आहे, ट्रकमधून आलाय." रागाच्या भरात मी मराठीत बोलून गेले, लक्षात आलं तेव्हा पुन्हा हिंदीवर आले आणि सांगितलं की भाजलेला चुना हवेत पडून राहिला की काही वर्षांत पुन्हा चुनखडी होतो, आणि पुन्हा फसफसतो. अ‍ॅसिड एवढंच सांगतं की चुना आहे. तो तिथे कोणी ठेवला, लाटेने की कामगाराने, हे अ‍ॅसिडला ठाऊक नसतं.

"एक दाना तोड़कर देखने दीजिए," मी म्हटलं. "अंदर परतें निकलीं तो मैं अर्ज़ी वापस ले लूँगी."

"विभाग की प्रॉपर्टी है. टूटेगा नहीं." ते खुर्चीत मागे रेलले. "ग्यारह साल से यह सैंपल एग्ज़ाम में आ रहा है. तुम सही हो, तो ग्यारह बैच ग़लत हैं?"

हा प्रश्न त्यांना उत्तर वाटत होता, यावर मी बराच वेळ विचार केला आहे. अकरा बॅच चुकल्या असतील, हे शक्य आहे की नाही, हे तपासायला दोन मिनिटं आणि एक सुई लागत होती. त्याऐवजी त्यांनी माझ्या अर्जावर 'विचाराधीन' असं लिहिलं आणि त्याखाली सही केली.

बाहेर पडताना मी सतरा नंबरचा मोबाइलवर फोटो काढला. रुआबांध्याला घरी पोचले तेव्हा बाबा जेवायला बसले होते. मी काहीही न सांगता मोबाइल त्यांच्या ताटाशेजारी ठेवला.

त्यांनी भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून दोन बोटांनी फोटो मोठा केला. "हा तं साइडचा माल हाय."

"म्हणजे?"

"पट्ट्याच्या कडेचा. मधातला बरोबर शिजते, कडेले हवा पयते, आग नाई पोचत. थो कच्चाच राह्यते. गोया गोया दिसते तो." त्यांनी मान वर केली. "आमी तो चायून वापस पाठवत होतो. भट्टीले चालत नाई. कुठी भेटला तुले?"

"कॉलेजमध्ये. काचेच्या कपाटात. कापसावर ठेवलाय."

"बाप्पा!" बाबांनी घास खाली ठेवला. "एकतीस वर्सं ज्या मालापायी मी फोरमनच्या शिव्या खाल्ल्या, त्याले तुमी कापसावर निजवून राहिले?"

आई वरणाचं पातेलं घेऊन आली आणि वाकून मोबाइलकडे पाहून म्हणाली, "हे तं मी रोज याच्या पँटीच्या घडीतून झाडत होती. अंगनात ढीग झाला होता. मले बसवली असती परीक्षेले, तं मीच पास झाली असती."

"तू नापास झाली असती," मी म्हटलं. "त्यांच्या यादीत हा समुद्रात झालेला दगड आहे."

"कोन्या समुद्रात? मरोद्याच्या तलावात?"

बाबा हसता हसता गंभीर झाले. "मी येतो संगं. सांगतो साहेबाले."

त्यांना मी नेलं नाही. कारण सांगायला मला लाज वाटते, पण सांगते: मला माहीत होतं की विभागप्रमुख त्यांना बसायला खुर्ची देतील, पाणी देतील, आणि त्यांचं म्हणणं पुरावा म्हणून मुळीच घेणार नाहीत. एकतीस वर्षं ज्याने तो माल नुसत्या नजरेने निवडला त्याचं ज्ञान तिथे 'अनुभव' ठरलं असतं, आणि ज्याने तो एकदाही फोडून पाहिला नाही त्याचं 'शास्त्र'. त्या खुर्चीत बाबांना बसलेलं मला बघायचं नव्हतं.

सोमवारी प्रयोगशाळेत विभागाचे वयस्कर परिचर एकटेच होते. ते दुर्गकडच्या एका खेड्यातले. तिन्ही वर्षं त्यांनी मला 'नोनी' म्हणजे मुली, अशीच हाक मारली. मी आत गेले तेव्हा ते ट्रेमधला जुना कापूस काढून नवा घालत होते. त्यांनी दाराकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "नोनी, तोर बात सही हे."

मी स्टूल ओढून बसले. त्यांनी तुटक तुटक, निम्मं हिंदीत आणि निम्मं छत्तीसगढीत सांगितलं. खरा सतरा नंबर बाहेरून मागवलेला होता. अकरा वर्षांपूर्वी, परीक्षेत एकदाही ठेवला जाण्याआधी, विद्यापीठाच्या तपासणीच्या आदल्या दिवशी कपाट सरकवताना तो त्यांच्या हातून पडला आणि त्याचे तुकडे झाले. नोकरी जाईल या भीतीने त्यांनी ते फेकले. घरी परतताना, कारखान्याच्या मालगाड्या थांबतात त्या मरोद्याजवळच्या रेल्वे-सायडिंगला त्यांना तसाच दाणेदार, तसाच लाल दगड दिसला. त्यांनी तो आणला, पांढरा ठिपका दिला, आकडा घातला. तपासणीला आलेल्यांनी तो पाहिला आणि 'फार छान नमुना' म्हटलं.

"किसी को बताया नहीं?"

"कोनो पूछिस नहीं." कोणी विचारलंच नाही. मग त्यांनी हात जोडले. "डिसंबर में रिटायरमेंट हे, नोनी. मोर नाव झन लेबे."

माझं नाव घेऊ नकोस. दगड मी बदलला, हे एक वाक्य ते विभागप्रमुखांपुढे बोलले असते तर मला पाच गुण आणि पत्र मिळालं असतं. ते वाक्य वापरायचं नाही असं त्यांनी मला सांगून टाकलं होतं. मी त्यांच्यावर चिडायला हवं होतं, पण जमलं नाही. एका घाबरलेल्या माणसाने एकदा दगड बदलला होता. त्यानंतर अकरा वर्षं पदव्या घेतलेल्या, भिंगं बाळगणाऱ्या, पगारी माणसांनी तो हातात घेतला, मुलांपुढे ठेवला, त्यावर गुण दिले आणि काढले, आणि त्याच्याकडे पाहिलं नाही. हे दोन गुन्हे एकाच वजनाचे नव्हते.

"आपका नाम नहीं आएगा," मी त्यांना म्हटलं. "पर यह रुई मुझे दे दीजिए."

त्यांनी सतरा नंबरच्या ट्रेमधला जुना कापूस वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. विभागाची मालमत्ता फोडायची नव्हती. पण कापसात आपोआप गळलेले दाणे आधीच कचऱ्यात निघाले होते.

कापसातून तेवीस दाणे निघाले. मी ते पांढऱ्या कागदावर ओळीने मांडले, प्रत्येकाला क्रमांक दिला, व्यास मोजला आणि जेवणाच्या टेबलावर कपडे शिवायची सुई आणि ब्लेडचं पातं घेऊन एकेक दाणा मधोमध फोडायला सुरुवात केली. आई दोनदा येऊन पाहून गेली. तिसऱ्यांदा म्हणाली, "काय करून राहिली व? डाळ निवडावी तसं?"

"आत काय आहे ते बघतेय."

"कावून? तुह्या बाबानं सांगतलं नं."

"बाबांनी सांगितलं ते चालत नाही त्यांना."

आई माझ्यासमोर बसली, दिवा जरा पुढे सरकवला आणि म्हणाली, "हं. सांग मंग, कोनता दाना धरू?"

आम्ही दोघींनी तेवीसही फोडले. ती चिमट्याने धरत होती, मी फोडून भिंगातून बघून लिहीत होते. मी तीन गोष्टी शोधत होते. एक, कांद्यासारखी एकाहून जास्त पुटं: ती एकाही दाण्यात नव्हती. दुसरी, गाभ्यात वाळूचा झिजलेला गोल कण: तोही नव्हता, जे खडे होते ते टोकदार, यंत्राने दळलेले. तिसरी गोष्ट निर्णायक होती. काही दाण्यांच्या गाभ्यात काळा, हलका, स्पंजासारखा भोकाभोकांचा कण होता. तो कागदावर घासला तर लोहखनिजाची उठते तशी लाल रेघ उठत नव्हती. त्यातला एक मी आईच्या जुन्या स्टीलच्या चमच्यावर ठेवून गॅसच्या ज्योतीवर धरला. तो निखाऱ्यासारखा लाल झाला, धुमसत राहिला आणि चिमूटभर राख ठेवून संपला.

कोक. कोळसा बंद भट्टीत तापवून माणूस कोक बनवतो. निसर्गातही क्वचित बनतो, जमिनीखालच्या कोळशाला तप्त लाव्हारसाचा चटका बसला तर. पण उथळ समुद्राच्या लाटांमध्ये लोहखनिजाच्या दाण्याच्या पोटात जाऊन तो बसत नाही. कोकचा गाभा असलेला एक जरी दाणा निघाला तरी प्रश्न संपत होता. किती निघाले ती संख्या मी वहीत लिहिली आणि तिच्याखाली रेघ मारली.

"झालं?" आईने विचारलं.

"झालं."

"मंग आता तुले भेटते नं थे पत्र?"

मी हो म्हटलं. त्या संध्याकाळी मला तसंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांच्या टेबलावर मी वही उघडी ठेवली, शेजारी कागदाच्या पुड्यांत तेवीस दाण्यांची सेहेचाळीस अर्धुकं. त्यांनी वहीचं पान पाहिलं नाही. उठून दार लोटलं, परत येऊन बसले, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी मराठीत बोलले. तेही नागपूरकडचे, आमच्या गावात मराठी ही घरात बोलायची भाषा आहे, आणि ऑफिसात ती निघाली की समजावं, नियमाच्या बाहेरचं काही तरी आता सांगितलं जाणार आहे.

"हे पाह्य बेटा, तू आपल्यातली पोरगी आहेस. हुशार आहेस. उगाच कावून ताणून राहिली?"

"सर, एक दाणा बघा. भिंग आणलंय मी."

"मी पाह्यला नाही असं वाटते तुला?" ते हसले. "मला शंका नव्हती असं नाही. पण आता मी सतरा नंबर चुकीचा आहे म्हटलं, तर विद्यापीठ विचारीन की इतकी वर्षं काय करत होते. जुने निकाल उघडतील. तुझ्या पाच गुणांसाठी?"

म्हणजे शंका होती. मी इतके दिवस त्यांना न बघणारा माणूस समजत होते. ते बघून गप्प बसलेले होते. जिन्यातल्या त्या मुलात आणि यांच्यात फरक फक्त वयाचा आणि पगाराचा होता. मी संथपणे म्हटलं, "माझ्या पाच गुणांसाठी नाही सर. पुढच्या वर्षी हा तुकडा पुन्हा त्या ट्रेमध्ये ठेवाल, त्यासाठी."

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी." त्यांनी खणातून दोन कागद काढले. एक शिफारसपत्र होतं, टाइप केलेलं. नावाची जागा कोरी. दुसरा फेरतपासणीचा छापील फॉर्म, ज्यात माझं नाव, क्रमांक आणि नमुना सतरा आधीच भरलेलं होतं. त्यातल्या 'संशोधित उत्तर' या चौकटीवर त्यांनी बोट ठेवलं. "इथे फक्त ऊलिटिक आयर्नस्टोन लिही आणि सही कर. घाईत चूक झाली म्हणू. तुझे पाच गुण येतात, सेहेचाळीस होतात, आणि या पत्रावर तुझं नाव मी आत्ता लिहितो. तसं कॅम्पवर मुलींची सोय नाही म्हणतात, पण मी फोन करीन. समजलं?"

त्यांनी स्वतःचं पेन टोपण काढून माझ्यापुढे धरलं.

पत्र तिथेच होतं, हाताच्या अंतरावर. मला ते हवं होतं, आजही हवं आहे. डोंगराच्या पोटातले ते दांडे मला माझ्या डोळ्यांनी वाचायचे होते, आणि वाचून जे दिसेल ते लिहायचं होतं. त्या कामाची पहिली पायरी म्हणून मला जे दिसलं नाही ते लिहून द्यायला सांगितलं जात होतं. शिवाय मी ते लिहिलं असतं तर सतरा नंबरच्या बाजूने आणखी एक साक्ष जमा झाली असती, आणि तीही अशा मुलीची, जिने तो फोडून पाहिला होता.

पुढच्या आठवड्यात ते पत्र घेऊन माझा वर्गमित्र राजहऱ्याला गेला. जाण्याआधी त्याने मला फोन केला. मी त्याला एवढंच म्हटलं की तिथे तरी चुंबकाने खेचलं तर लिहून ठेव. परिचर डिसेंबरमध्ये सुखरूप निवृत्त झाले. पण त्या दिवशी त्या खोलीत मला हे काहीच माहीत नव्हतं. मी पेन घेतलं, विभागप्रमुखांचंच, आणि 'संशोधित उत्तर' या चौकटीत, अक्षर बारीक करून मावेल तेवढं, लिहिलं:

उत्तरात बदल नाही. अर्धवट भाजलेला सिंटर. नमुन्यातून आपोआप गळलेले दाणे तपासले: २३. एकाहून अधिक पुटं असलेले: ०. कोकचा गाभा असलेले: ७.